बीप करून थांबणारा लॅपटॉप : निदानाची रीत

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि उन्हाळी सुट्टीभर कपाटात राहिलेला शाळेचा लॅपटॉप बाहेर निघतो. पेणच्या खाडीकाठची गावे असोत वा कुंडलिकेच्या खोऱ्यातील रोह्याची, या दिवसांत हवा इतकी दमट असते की पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरही बुरशी चढते. अशा वेळी बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला आणि आतून ठराविक आवाज येऊ लागले, तर त्यात नवल नाही. पटावरील मुलांची माहिती, शिष्यवृत्तीच्या याद्या, निकालपत्रके सारी आत अडकली या विचाराने शिक्षक गांगरून जातात. वस्तुतः निदानाची निम्मी वाट त्या आवाजांतच असते.

पाठ सुरू करण्यापूर्वी वर्गात हजेरी घेतली जाते, तद्वत संगणकही प्रथम आपल्या भागांची हजेरी घेतो. बायोस हा मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला कार्यक्रम प्रोसेसर, रॅम, चित्र दाखविणारा भाग इत्यादींना क्रमाने तपासतो. रॅमच गैरहजर असेल तर पडद्यावर अक्षर उमटविण्याचीही सोय उरत नाही. यास्तव तक्रार आवाजाने करावी लागते. १९८१ साली निघालेल्या आयबीएम पीसीमध्ये सर्व ठीक असल्यास एकच आखूड बीप होत असे. तेव्हा प्रत्येक बीप बिघाडाचीच असते असे नव्हे.

आवाजांची संख्या व लांबी प्रथम कागदावर टिपून घ्यावी. मध्ये विराम पडून तोच क्रम पुन्हा येतो, म्हणून तो दोनतीनदा ऐकावा. या खुणा सर्व कंपन्यांच्या सारख्या नसतात. डेलच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये दोन बीप म्हणजे रॅम सापडत नाही, चार म्हणजे रॅमच्या लेखन-वाचनात दोष, पाच म्हणजे घड्याळाचा बटणासारखा सेल क्षीण झाला, आणि सात म्हणजे प्रोसेसरची अडचण. काही यंत्रे आवाजाऐवजी दिवे लुकलुकवतात. आपल्या यंत्राचा अर्थ त्याच्या माहितीपुस्तिकेतच पाहावा. शेजारच्या शाळेच्या यंत्रावरून अंदाज बांधू नये.

त्यानंतर चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह काढावेत. बॅटरी निघणारी असल्यास तीही काढून चालू करण्याचे बटण सुमारे तीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. मग केवळ चार्जर लावून पाहावे. न थांबता आवाज येत असेल तर कीबोर्डवरील एखादी कळ दबून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपावे. खडूची धूळ आणि बिस्किटाचा चुरा यांनी कळ अडकणे शाळेत अगदी साहजिक आहे.

रॅमचा संशय असेल, हमीची मुदत संपली असेल आणि तळाचे झाकण सहज निघत असेल, तरच पुढे जावे. बॅटरी फुगलेली दिसल्यास हात लावू नये. चार्जर व बॅटरी दूर करून, प्रथम एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी. दोन्ही बाजूंचे चाप हलकेच बाहेर ओढले की रॅमची पट्टी तिरपी वर उचलते. तिची सोनेरी कड कोरड्या मऊ कापडाने पुसून ती पुन्हा तिरपी खोलवर बसवावी व चाप लागेपर्यंत खाली दाबावी. दमट हवेत संपर्काची जागा मळली असेल, तर कित्येकदा एवढ्यानेच यंत्र सुरू होते. दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. जी लावताच बीप येते ती सदोष. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत चालली तर दोष खाचेचा. काही नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. तेथे हा उपाय लागू नाही.

इतके करूनही यश न आल्यास यंत्र दुरुस्तीस द्यावे, टिपलेल्या बीपांचा कागद सोबत द्यावा, आणि डिस्क पुसू नये असे लेखी सांगावे. रॅम बिघडली तरी डिस्कवरील नोंदी सहसा तशाच असतात. मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास मदरबोर्ड बदलल्यावर अठ्ठेचाळीस अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असू शकते. ते खाते शाळेचे की बदलून गेलेल्या एखाद्या शिक्षकाचे, हे यंत्र धडधाकट असतानाच पाहून ठेवावे.