लाईट गेल्याचं सर्व्हरला कळतं कसं, आणि कळत नाही तेव्हा काय बघायचं

यूपीएस आणला, सर्व्हरची पिन त्यात खोचली, की झालं काम, असा सर्वसाधारण समज असतो. पन्नास-साठ वॉट खाणारा घरचा सर्व्हर सहाशे व्हीएच्या यूपीएसवर बॅटरी नवी असेल तर वीसेक मिनिटं निघतो. लाईट पाच मिनिटांत आली तर तेवढं पुरेसं आहे. पण पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज काही तास बंद राहते, तेव्हा अशा यूपीएसने साधलेलं एवढंच, की दहाला धाडकन बंद पडणारा सर्व्हर दहा वाजून वीस मिनिटांनी धाडकन बंद पडला. डेटाबेस अर्धवट लिहिलेला तो लिहिलेलाच. बॅटरी संपायच्या आत सर्व्हरने स्वतःहून सगळं आवरून बंद व्हायला हवं असेल, तर यूपीएसपासून सर्व्हरपर्यंत एक यूएसबी वायर आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं. आणि हे सॉफ्टवेअर बिघडलेलं असलं तरी लाईट असेपर्यंत कोणालाच त्याचा पत्ता लागत नाही.

लिनक्सवर यासाठी दोन जुनीजाणती सॉफ्टवेअरं आहेत. एपीसीयूपीएसडी हे मुख्यतः एपीसीच्या यूपीएससाठी, आणि नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे ‘नट’, हे जवळजवळ सगळ्यांसाठी. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपचं नॅस घरात असेल तर त्याच्या पोटातही नटच आहे. पुढचं सगळं नटबद्दल.

नट म्हणजे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम. सगळ्यात खाली ड्रायव्हर, जो यूएसबीवरून यूपीएसशी बोलतो. मधे यूपीएसडी, जो ड्रायव्हरकडून आकडे घेतो आणि ३४९३ क्रमांकाच्या पोर्टवर मागेल त्याला देतो. वर यूपीएसमॉन, जो हे आकडे बघत बसतो आणि वेळ आली की सर्व्हर बंद करतो. तिघांचे निरोप लॉगमध्ये एकाच ठिकाणी येऊन पडतात आणि वाचणारा गोंधळतो. म्हणून लॉग वाचत बसण्याआधी तिघांतला कोण गप्प आहे एवढं ठरवावं, आणि तपासणी नेहमी खालून वर करावी. वरच्याची तक्रार बहुतेक वेळा खालच्यामुळे असते.

तर आधी वायर. यूपीएसच्या पाठीमागे चौकोनी यूएसबी तोंड आहे ना? आपल्याकडच्या स्वस्त यूपीएसपैकी कित्येकांना ते नसतंच, आणि घरच्या इन्व्हर्टरला तर सहसा नसतंच नसतं. यूपीएस इन्व्हर्टरच्या लाईनवर लावला असेल तर आणखी एक गंमत होते. लाईट गेली तरी इन्व्हर्टर वीज देत राहतो, त्यामुळे यूपीएसच्या लेखी काही झालेलंच नसतं. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की मगच तो जागा होतो, आणि ते योग्यच आहे. पण इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल तर काही यूपीएसना ती वीज पसंत पडत नाही. मग ते दर थोड्या वेळाने टक्‌ करून बॅटरीवर जातात आणि परत येतात. लॉगमध्ये ‘बॅटरीवर’, ‘लाईनवर’ अशा ओळींची माळ लागते. इथे नटच्या सेटिंग्जमध्ये कितीही खुडबूड केली तरी फरक पडणार नाही.

वायर लावून एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की जोडलेल्या उपकरणांची यादी येते. एपीसीचा यूपीएस ०५१डी या क्रमांकाने लगेच ओळखू येतो. स्वस्त यूपीएस मात्र स्वतःचं नाव सांगत नाहीत. ०६६५:५१६१ आणि पुढे सायप्रेस सेमिकंडक्टर असं दिसलं, तर ते आतल्या यूएसबी चिपच्या कंपनीचं नाव, आणि यूपीएस तोच. काहींच्या बाबतीत ०००१:०००० आणि पुढे चक्क ‘फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स’ असं येतं. ही अमेरिकेतली दुकानांची साखळी होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. तुमच्या यूपीएसचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. बनवणाऱ्याने स्वतःचा क्रमांक न घेता कसलासा भरून टाकला, एवढाच त्याचा अर्थ. यादीत काहीच नवं दिसत नसेल तर वायर बदलून बघा आणि हब मधे असेल तर काढा. त्याच्या पुढे जाण्यात तोपर्यंत अर्थ नाही.

यूपीएस दिसला, की ड्रायव्हर निवडायचा. नामांकित कंपन्यांचे बरेचसे यूपीएस यूएसबीएचआयडी-यूपीएस या ड्रायव्हरने चालतात. सायप्रेसवाल्यांना एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्स लागतो. हा ड्रायव्हर ‘क्यू१’ ही दोन अक्षरं पाठवतो आणि यूपीएस एक ओळ परत देतो. ती साधारण अशी असते:

(२३१.० २३१.० २३१.० ०१४ ५०.० १३.५ ३०.० ००००१००१

या ओळीपाशी जरा थांबू, कारण पुढच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. पहिला आकडा आत येणारा व्होल्टेज. दुसरा, बिघाडाच्या वेळी नोंदलेला व्होल्टेज. तिसरा बाहेर जाणारा. मग लोड १४ टक्के, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झ, बॅटरी १३.५ व्होल्ट, तापमान ३० अंश. शेवटचे आठ अंक म्हणजे आठ बटणं समजा. डावीकडचं पहिलं १ झालं म्हणजे लाईट गेली, दुसरं १ झालं म्हणजे बॅटरी संपत आली. पाचवं १ आहे, कारण हा यूपीएस लाईट गेल्यावरच बॅटरीवर जाणाऱ्या साध्या जातीचा आहे. शेवटचं १ म्हणजे बझर चालू.

आता या ओळीत बॅटरी किती टक्के आहे ते शोधा. नाहीच. किती मिनिटं उरलीत तेही नाही. तरी नट तुम्हाला १०० टक्के दाखवतो, कारण ड्रायव्हर तो आकडा व्होल्टेजवरून काढतो. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी तो १३ व्होल्टला भरलेली आणि १०.४ व्होल्टला रिकामी धरतो, आणि मधे सरळ रेषा ओढतो. चार्जर चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट असणारच, मग बॅटरी नवी असो की पार बसलेली. म्हणजे लाईट असतानाच्या शंभर टक्क्यांतून बॅटरीबद्दल काहीही कळत नाही. लाईट गेली, लोड आला, व्होल्टेज क्षणात बाराला उतरला, की तोच हिशेब ६१-६२ टक्के सांगतो. चाळीस टक्के बॅटरी दोन सेकंदांत कुठे गेली, असं विचारणारा दर पावसाळ्यात कोणीतरी भेटतोच. ती कुठेही गेलेली नसते. हाय आणि लो हे दोन व्होल्टेज यूपीएस.कॉन्फमध्ये स्वतः लिहून दिले तर अंदाज थोडा सुधारतो, पण अंदाजच राहतो.

ड्रायव्हर बरोबर निवडूनही सुरू होत नसेल तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. ‘इनसफिशंट परमिशन्स ऑन एव्हरीथिंग’ असा दणदणीत निरोप येतो. नट स्वतःच्या वेगळ्या युजरखाली चालतो, आणि यूएसबीचं उपकरण त्या युजरला उघडून देण्याचं काम यूडेव्हचे नियम करतात. नट नंतर टाकला आणि वायर आधीपासून लावलेली असेल, तर ते नियम तिला लागलेलेच नसतात. वायर काढा, परत लावा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. भागलं नाही तर एपीसीयूपीएसडीही टाकून ठेवला आहे का ते बघा. एका वायरवर दोघांना बसता येत नाही.

आता मधला मजला. यूपीएससी या आज्ञेने (अक्षरं त्या परीक्षेचीच) यूपीएसडीकडून आकडे मागता येतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर यूपीएसडी चालूच नाही. डेबियनवर याचं सगळ्यात नेहमीचं कारण नट.कॉन्फमधली मोडची ओळ. तिथे मुळात ‘नन’ लिहिलेलं असतं, म्हणजे काहीच सुरू करू नको. एकाच यंत्रापुरतं असेल तर ते ‘स्टँडअलोन’ करा, इतर यंत्रांनाही आकडे द्यायचे असतील तर ‘नेटसर्व्हर’. दुसऱ्या प्रकारात यूपीएसडी.कॉन्फमध्ये लिसनची ओळही लागते, कारण तो एरवी फक्त स्वतःच्या यंत्राचंच ऐकतो.

‘डेटा स्टेल’ ही तक्रार जास्त चिवट. ड्रायव्हर साधारण दर दोन सेकंदांनी यूपीएसला विचारतो, आणि १५ सेकंद नवं काही आलं नाही की यूपीएसडी आकडे शिळे ठरवतो. ते कधीतरीच होत असेल तर कर्नलचा लॉग बघा. यूएसबी तुटली, जोडली, परत तुटली असं तिथे दिसलं तर दोष वायरीचा, पोर्टचा किंवा वीज वाचवायला यूएसबी झोपवणाऱ्या सेटिंगचा. यूएसबीएचआयडीच्या ड्रायव्हरला ‘पोलओन्ली’ हा पर्याय दिल्यावर काही यूपीएस शांत होतात. शिळं ठरवण्याची ही १५ सेकंदांची मर्यादा, म्हणजे मॅक्सएज, २५-३० करणं ठीक. तो दहा मिनिटं करून ठेवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. त्याने तक्रार थांबते खरी, पण लाईट जाऊन बॅटरी संपत आली तरी सर्व्हर दहा मिनिटांपूर्वीच्या आकड्यांवर निवांत बसून राहील. यूपीएस व्हर्च्युअल मशीनला जोडलेला असेल तर त्याला तिथून काढून मूळ यंत्राला जोडा. बंद तर शेवटी त्यालाच व्हायचं आहे.

वरच्या मजल्यावर यूपीएसमॉन. ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणजे यूपीएसडी.यूजर्समधलं नाव-पासवर्ड आणि यूपीएसमॉन.कॉन्फमधलं जुळत नाही. २०२२ च्या २.८.० आवृत्तीपासून मास्टर-स्लेव्हच्या जागी प्रायमरी-सेकंडरी आले, त्यामुळे जुन्या लेखांतल्या ओळी वेगळ्या दिसतात. सिनॉलॉजीच्या नॅसकडून आकडे घ्यायचे असतील तर तिथे यूपीएसचं नाव ‘यूपीएस’, युजर ‘मॉनयूजर’ आणि पासवर्ड ‘सीक्रेट’ हे ठरलेलंच आहे. दुसरं यंत्र नेटवर्कवरून ऐकत असेल तर राउटर आणि स्विचही यूपीएसवर हवेत. हे सांगायला नको, पण सांगावं लागतं.

इथपर्यंत सगळं जमलं, तरी सर्व्हर वेळेवर बंद होत नाही. कारण यूपीएसमॉन नुसती लाईट गेल्यावर काहीच करत नाही. ‘बॅटरीवर’ आणि ‘बॅटरी संपत आली’ या दोन्ही खुणा एकदम दिसल्या, तरच तो बंद करायला घेतो. दुसरी खूण यूपीएस देतो, म्हणजे त्या ओळीतला दुसरा अंक. बॅटरी जुनी असेल तर तो अंक १ होणं आणि यूपीएस विझणं यांत काही सेकंदांचंच अंतर राहतं. तेवढ्यात सर्व्हर आवरत नाही.

म्हणून स्वस्त यूपीएस असेल तर टक्के-मिनिटांच्या नादी लागू नये, सरळ घड्याळ लावावं, असं माझं मत आहे. लाईट गेल्यापासून तीन मिनिटांत आली नाही तर बंद हो. हे काम यूपीएसस्केड करतो: लाईट गेली की टायमर सुरू, आली की रद्द. तो चालत नसेल तर यूपीएसमॉन.कॉन्फ उघडा. ‘ऑनबॅट’ आणि ‘ऑनलाइन’ या दोन्ही घटनांपुढे ‘एक्झेक’ लिहिलेलं आहे का बघा. नसेल तर घटना फक्त लॉगमध्ये नोंदली जाते, टायमरपर्यंत पोचत नाही. ‘ऑनलाइन’पुढेच विसरलं असेल तर ते जास्त वाईट, कारण मग लाईट परत आली तरी टायमर थांबत नाही आणि तीन मिनिटांनी सर्व्हर भर उजेडात बंद होतो.

आता प्रत्यक्ष करून बघायचं. आधी सर्व्हरवरच्या महत्त्वाच्या गोष्टी थांबवा. मग पिन उपटू नका, बोर्डावरचं बटण बंद करा. बटणाने फेज तुटतो, अर्थिंग जोडलेलं राहतं. बंद होईपर्यंत बॅटरीचा व्होल्टेज लिहीत जा. हा कागद ठेवून द्या. वर्षाने पुन्हा केलेल्या चाचणीत तोच व्होल्टेज निम्म्या वेळात आला तर बॅटरी बदलायची वेळ झाली. आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या यूपीएसची ती लवकरच येते.

एक शेवटची गोष्ट राहते. सर्व्हर बंद होत असतानाच लाईट आली तर? यूपीएसचं आउटपुट तुटलेलंच नसतं, त्यामुळे बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ असं लिहून ठेवलं असलं तरी बायॉसच्या दृष्टीने वीज गेलेलीच नाही. सर्व्हर कोणी बटण दाबेपर्यंत बंद. यासाठी नट अगदी शेवटी यूपीएसला आउटपुट कापण्याची आज्ञा देतो. ती पाळली जाते का हे बघायला चाचणीच्या वेळी यूपीएसवर एक टेबल लॅम्प लावून ठेवा. सर्व्हर बंद झाल्यावर मिनिटभरात दिवा विझायला हवा. विझला नाही तर आज्ञा यूपीएसपर्यंत पोचत नाही किंवा त्याला ती कळत नाही. विझला तर भिंतीवरचं बटण चालू करा आणि वाट बघा. एनयूटीडीआरव्ही-क्यूएक्समध्ये कापण्याआधी ३० सेकंद आणि परत चालू करण्याआधी १८० सेकंद थांबायचं असं मुळात ठरवलेलं असतं. तेव्हा पहिली तीन मिनिटं दिवा लागला नाही म्हणून लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढू नका.