पीक कापणी प्रयोगासाठी शेतांची निवड

पिकाची सरासरी उत्पादकता पीक कापणी प्रयोगांवरून काढली जाते. १९४० नंतरच्या दशकात डॉ. सुखात्मे व डॉ. पानसे यांनी या पद्धतीस शास्त्रीय बैठक दिली. पीक विम्याच्या भरपाईस याच आकड्यांचा मोठा आधार असतो.

नागपूर जिल्ह्यातील एका गावात कापसाचे दहा शेतकरी आहेत, पैकी चौघांचे शेत ओलिताचे व सहा जणांचे कोरडवाहू आहे, असे समजू. चिठ्ठ्या टाकून दोघांची निवड केल्यास पहिला ओलिताचा निघण्याची संभाव्यता ४/१० होय. मग नऊ चिठ्ठ्यांत ओलिताच्या तीनच उरतात. म्हणून दुसऱ्या वेळी ती ३/९ होते. दोहोंचा गुणाकार २/१५. दोन्ही कोरडवाहू निघण्याची संभाव्यता ५/१५ व एकेक निघण्याची ८/१५ येते.

दोन्ही शेते ओलिताची निघाली, तर उत्पन्न फुगलेले दिसून भरपाई घटेल. अनेक गावांत प्रयोग केल्याने असा योगायोगाचा फरक कमी होतो. मात्र मर्जीनुसार शेते निवडल्यास होणारी चूक प्रयोग वाढवूनही जात नाही. म्हणून निवडलेले शेत कोणाच्याही आग्रहाने बदलू देऊ नये.