पहिली बॅट : वाढत्या अंगाची नको



मागल्या उन्हाळ्यात इंदूरच्या बड्या गणपतीच्या देवळात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा नवी कोरी बॅट देवापुढे ठेवण्यासाठी घेऊन आला होता. त्या भव्य मूर्तीपुढे तो चिमुकला दिसावा यात नवल नाही. परंतु हातातल्या बॅटीपुढेही तो चिमुकलाच दिसत होता. वडील कौतुकाने म्हणाले, “जरा मोठीच घेतली. दोन-तीन वर्षे तरी पाहायला नको.”

वाढत्या अंगाचा सदरा शिवण्याची आपली रीत शहाणपणाची खरी. पण सदऱ्याच्या बाह्या दुमडता येतात, बॅट दुमडता येत नाही. पहिली बॅट घेताना मध्यमवर्गीय घराचे पैसे चुकतात ते बहुधा इथेच. त्यात केवळ पैसेच जातात असे नाही, मुलाचा हातही बिघडतो. म्हणून आज या साध्या दिसणाऱ्या खरेदीविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

इंदूरला हा विषय परका नाही. 1932 साली लॉर्ड्‌सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व करणारे कर्नल सी. के. नायडू पुढे होळकर संघाचे कर्णधार होते. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर अशा खेळाडूंच्या त्या संघाने 1945-46 ते 1952-53 या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. मध्य प्रदेशाच्या संघाला तो मान मिळण्यास मात्र 2022 साल उजाडावे लागले. त्या अंतिम सामन्यात विजयी धाव काढणारा रजत पाटीदार इंदूरचाच, आणि संघाला घडवणारे चंद्रकांत पंडित हे मराठी गुरुजी. अशा गावात प्रत्येक मुलाला बॅट हवी असते. प्रत्येक बापापाशी मात्र तेवढे पैसे नसतात.

तेव्हा पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, मुलाला विचारावा : तू कोणत्या चेंडूने खेळणार? गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळायचे असेल, तर हलकी, स्वस्त बॅट पुरते. तिला कातडी चेंडू मात्र दाखवू नये. दोन-चार तडाख्यांत ती चिरण्याचा संभव असतो. मैदानावर शिक्षकाच्या हाताखाली कातडी चेंडूने शिकायचे असेल, तर त्यासाठीच बनवलेली बॅट घेतली पाहिजे.

दुसरा प्रश्न लाकडाचा. बॅटीचे लाकूड विलोच्या झाडाचे. इंग्लिश विलो हलके व लवचीक असते. चेंडू त्यावरून सहज उसळतो. काश्मीरचा विलो त्याहून घट्ट व जड, पण पुष्कळ स्वस्त. एका इंग्लिश बॅटीच्या किमतीत काश्मिरी विलोच्या तीन-चार बॅटी सहज येतात. नवशिक्याचा चेंडू बॅटीच्या मध्यावर क्वचितच बसतो. कधी कडेला लागतो, कधी टाचेला. उंची लाकडाचा गुण प्रकट व्हायचा तो मध्यावर. कडेला बसलेला मार ते मऊ लाकूड सोसतेच असे नाही. म्हणून पहिल्या दोन वर्षांना काश्मिरी विलो हेच उत्तम. लाकडावरील उभ्या रेषा मोजून किंमत चढवणाऱ्या विक्रेत्याचे बोलणे ऐकून घ्यावे, आणि पुढे व्हावे.

आता मापाकडे वळू. मोठ्यांच्या बॅटीची लांबी नियमानुसार 38 इंचांपेक्षा अधिक असू शकत नाही. मुलांच्या बॅटी एक ते सहा या क्रमांकांच्या, त्यांवर ‘हॅरो’, आणि मग पूर्ण माप. परंतु क्रमांकावर विसंबू नये. निरनिराळ्या कारखान्यांच्या मापांत थोडा फरक पडतो. मुलाला बूट घालून सरळ उभे करावे आणि बॅट पायाशेजारी उभी धरावी. मुठीचे टोक कमरेच्या हाडाच्या आसपास आले तर माप ठीक. त्याहून फार वर गेले तर बॅट मोठी.

लांबीपेक्षाही वजन महत्त्वाचे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाचा मुठीवरचा वरचा हात डावा असतो. केवळ त्या एका हाताने त्याला बॅट समोर आडवी धरायला सांगावी आणि सावकाश दहापर्यंत मोजावे. टोक खाली झुकू लागले, मनगट थरथरले, तर ती बॅट परत ठेवावी. याचे कारण असे, की जड बॅट चेंडूपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. मग मुलगा खालच्या हाताचा जोर लावतो, बॅट सरळ न येता आडवी फिरते, आणि ही खोड एकदा जडली की ती मोडण्यास शिक्षकाला वर्ष खर्ची घालावे लागते. शिवाय चेंडूला वेग देण्यात बॅटीच्या वजनाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा तिच्या गतीचा असतो. हलकी बॅट चपळ फिरते. म्हणून मुलाचे काही नुकसान होत नाही.

वापरलेली बॅट घेण्यात कमीपणा मानू नये. मोठ्या झालेल्या मुलांच्या लहान बॅटी घरोघर पडून असतात. मात्र तीन जागा तपासाव्यात. मूठ व पाते जेथे जुळतात तेथे तडा नसावा. मूठ हलक्या हाताने वाकवली असता करकरू नये. आणि टाच ओल लागून फुगलेली नसावी. मग जुना चेंडू पात्यावर आपटून पाहावा. टणक, मोकळा आवाज आला तर लाकूड जिवंत आहे. आवाज बद्द आला तर आत कोठेतरी फट आहे असे समजावे.

बॅट घरी आली म्हणजे काम संपले असे नाही. पाते उघडे असेल, तर जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात समोरून, कडांना व टाचेला द्यावा. मुठीच्या जोडाला तेल लावू नये. रात्रभर बॅट आडवी ठेवावी. पात्यावर पारदर्शक पापुद्रा चिकटवलेला असेल, तर त्या भागाला तेलाची गरज नाही. नंतर जुन्या कातडी चेंडूने किंवा लाकडी हातोडीने रोज थोडा वेळ पात्यावर हलके ठोके द्यावेत. त्याने वरचे तंतू दबून घट्ट होतात व बॅट चिरत नाही. माळव्याच्या वैशाखात बॅट पत्र्याखाली तापत ठेवू नये, आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर टेकवू नये.

त्या दिवशी देवळाबाहेर मी त्या मुलाला एका हाताने बॅट धरायला सांगितली. चारच्या आकड्यालाच टोक फरशीला टेकले. वडील क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “पावती आहे खिशात. बदलून आणतो.” मुलाचा चेहरा उतरला होता, त्याला वाटले, बॅट गेली.

पुढच्या चतुर्थीला तो पुन्हा दिसला. बॅट दोन मापांनी लहान होती. ती त्याच्या हातात होती. तो तिच्या हातात नव्हता.