उसाच्या सरीत गांजाला थारा नको



लागण, खत, पाणी, तोडणी याविषयी आम्ही शेतकी खात्याची माणसं या पानावर नेहमी लिहितो. या खेपेचा विषय वेगळा आहे, पण तोही आपल्या फडातलाच. उसात चोरून लावलेला गांजा पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या राज्यात वरचेवर येतात. कारण साधं आहे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागला की सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. मोठी बांधणी झाली की मधल्या सरीत मालकही फारसा शिरत नाही. आयतं पाणी, आयतं खत, वर आडोसा! चोराला आणखी काय हवं?

कायदा काय म्हणतो?

अमली पदार्थांचा सध्याचा कायदा १९८५ सालचा. त्याच्या कलम २० प्रमाणे गांजाचं झाड लावणं हाच गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जवळ सापडलेला गांजा वीस किलोच्या वर गेला, तर शिक्षा कमीत कमी दहा वर्षं आणि जामीनही अवघड. माल वाहणारा ट्रॅक्टर किंवा बैलगाडी जप्त होऊ शकते. दोन पैशांच्या लोभापायी उभं घर मोडतं, ते असं.

कलम ४६ प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावं. आपल्या जमिनीत अशी झाडं असतील तर ताबडतोब कळवणं हे जमीनधारकाचं कर्तव्य आहे. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हाच. सरपंच व पंचांवरही कलम ४७ ने हीच जबाबदारी टाकली आहे. "रान वाट्यानं दिलंय, आम्हाला काय ठाऊक?" असं म्हणून भागत नाही. सातबारा आपल्या नावचा, म्हणजे चौकशी आधी आपल्याच दारात येणार.

झाड ओळखा

गांजाचं पान पंजासारखं, पाच-सात पात्यांचं, करवती काठाचं. अंबाडीचं पानही पुष्कळसं तसंच दिसतं, म्हणून गफलत होते. पण अंबाडीला मोठं पिवळसर फूल येतं, मध्ये गडद लाल ठिपका असतो आणि पाला आंबट लागतो. गांजाचे तुरे हिरवे, चिकट, आणि वास उग्र.

झाड दिसलं तर स्वतः उपटू नका, जाळू नका. पोलीस ठाण्यात कळवा आणि पंचनामा होऊ द्या. २०२४ पासून केंद्राचा १९३३ हा फोन क्रमांकही याच कामासाठी आहे.

घरातलं नुकसान

"साधू-बैरागी ओढतात, त्यांना कुठं काय होतं?" असं पारावर ऐकू येतं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा वा चरस घेणारे आढळले. त्यातल्या सुमारे ७२ लाखांना या सवयीपायी मदतीची गरज होती. कोवळ्या वयात लागलेली सवय जास्त घातक. लक्ष लागत नाही, स्मरण कमी होतं, पोरगं कामातून आणि शाळेतून उठतं. काहींना भास होतात, संशयाचं वेड लागतं. गळीत हंगामात रात्री दोन ट्रेलर ओढणारा ड्रायव्हर नशेत असला तर काय होईल, ते आम्ही सांगायला नको.

पोराला सवय लागली म्हणून त्याला मारून किंवा कोंडून ती सुटत नाही. हा आजार आहे, त्याला उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. पुण्याचं मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हेच काम करतं. १४४४६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. पोलिसांच्या भीतीने दडवू नका. नशा करणारा स्वतःहून उपचाराला आला, तर सेवनाच्या खटल्यातून सूट देण्याची तरतूद कलम ६४-अ मध्ये आहे. मात्र उपचार पुरे करावे लागतात.

आमची विनंती

महिन्यातून एकदा तरी फडाच्या आत फेरी मारा. त्यात हुमणी, लोकरी मावाही वेळेवर कळेल. रान वाट्याने दिलं असेल तर वाटेकऱ्याला आधीच बजावून सांगा. नोंदणीला येणारी आमची माणसं सरीत शिरतात. त्यांना असं झाड दिसलं तर सभासद ओळखीचा आहे म्हणून आम्ही झाकणार नाही, हे आजच सांगून ठेवतो. आपल्या सरीत ऊसच वाढू द्या, हीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग