वतनावर पाणी

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. भोरजवळची आमची दोन भातखाचरं विकावीत की ठेवावीत, यावर आम्हा भावांत बोलणं चाललं होतं. पुण्याचं गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्याला फार्महाऊस बांधायचं होतं. मी ‘विकायचं नाही’ म्हणत होतो. धाकटा म्हणाला, “दादा, तू पस्तीस वर्षं नोकरी केलीस, आता पेन्शन खातोस. इंद्रायणी पिकवून माझ्या हातात काय राहतं, ते तूच सांग.”

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंबवड्याच्या एस.टी.त बसलो. घरी सांगितलं, नागेश्वराला जाऊन येतो. खरं तर तिथे कान्होजी जेध्यांची समाधी आहे, तिच्यापाशी थोडा वेळ बसायचं होतं.

कान्होजी हे कारीचे देशमुख. कारी गाव आमच्या भोर तालुक्यातच, रायरेश्वराच्या वाटेवर. देशमुखी म्हणजे नुसती पदवी नव्हे. महसुलातला हक्क, इनाम जमिनी आणि सणासमारंभातला मानपान, सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अफजलखान चालून आला तेव्हा विजापूरहून अली आदिलशहाचं फर्मान कान्होजींना आलं. तारीख १६ जून १६५९. खानाच्या हुकमात वागा, असा त्याचा मतलब. न वागलं तर वतन गेलं, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. शेजारचे उत्रौळीचे खंडोजी खोपडे वतनाच्या आशेनं खानाला मिळाले.

कान्होजी मात्र ते फर्मान घेऊन, पाच मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले. महाराजांनी विचारलं, वतनाचं काय करणार? जेधे करीन्यात नोंद आहे, की कान्होजींनी हातावर पाणी घेऊन वतन सोडलं. दान देताना हातावरून उदक सोडतात. दिलेलं परत मागायचं नाही, असा त्याचा अर्थ. ‘पाणी सोडणे’ हे आपण रोज बोलतो, पण ते इतकं जड आहे याची आठवण राहत नाही.

आता करीना हा जेध्यांच्या घरचा कागद. घरच्या कागदात घराण्याचं कौतुक असायचंच. शिवाय माणूस एकाच कारणानं एवढी मोठी गोष्ट करतो, असं मला वाटत नाही. खोपड्यांशी चुरस असेल. शहाजीराजे १६४८ मध्ये कैद झाले तेव्हा कान्होजीही त्यांच्याबरोबर कैदेत होते आणि सुटल्यावर राजांनीच त्यांना मुलाच्या मदतीला धाडलं होतं. तो शब्दही मनात असेल. पण हेतू मिसळलेले होते म्हणून कृती खोटी ठरते का? बायकामुलं तळेगावाला हलवून ठेवण्याइतका धोका समोर दिसत होता. त्यांनी मावळातल्या इतर देशमुखांनाही समजावून महाराजांच्या बाजूला आणलं.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली काय झालं, ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. मला त्यापुढचं अधिक विचार करायला लावतं. खंडोजी खोपड्यांना जीवदान मिळावं म्हणून रदबदली केली ती कान्होजींनीच! आणि १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे पडले, तेव्हा दरबारातला पहिल्या पानाचा मान जेध्यांनी बांदलांना दिला, असं परंपरा सांगते. वतन सोडणं एक वेळ समजतं. शत्रू दारात असतो, रक्त तापलेलं असतं. पण लढाई संपल्यावर, सगळे बघत असताना, हक्काचा मान दुसऱ्याच्या हाती देणं? ते मला जास्त अवघड वाटतं.

समाधीपाशी बसून मी स्वतःला विचारलं, की तू नक्की काय धरून बसला आहेस? चिखलात मी चाळीस वर्षांत उतरलेलो नाही. लावणीला माणसं मिळत नाहीत, याची काळजी भाऊ करतो, खताचे पैसे तो भरतो. माझं तिथे काय आहे, तर सातबाऱ्यावर नाव! गावात कुणी विचारलं तर ‘आमची शेती आहे’ म्हणायची सोय. ‘वडिलोपार्जित’ हा शब्द मी भावाच्या तोंडावर फेकत होतो, आणि त्याची किंमत तो एकटा मोजत होता. हे कबूल करायला, खरं सांगतो, लाज वाटली.

संध्याकाळी घरी आलो. भाऊ ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता. म्हटलं, “मी हक्कसोडपत्र करून देतो. मग विकायचं की ठेवायचं, ते तू ठरव. मी काही बोलणार नाही.”

तो बराच वेळ बोलला नाही. आतून वहिनीनं चहा आणून ठेवला, तो निवला. मग विळा बाजूला ठेवत म्हणाला, “कागदाचं बघू नंतर. आभाळ भरलंय, उद्या रोप टाकायचंय. येतोस का बियाणं धरायला?”