आठवण बनवायची, तीही आत्ताच

आजचा विषय थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत सोबत राहा.

'लेगसी मेकिंग' हा शब्द ऐकलाय? लेगसी म्हणजे वारसा. आपल्याला लगेच जमीन नाहीतर दागिने आठवतात. इथे मात्र त्याचा अर्थ आहे, गंभीर आजारी मुलानं घरच्यांसोबत बनवलेली आठवण.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे हाताचा ठसा. तळव्याला रंग लावायचा, कागदावर छाप उमटवायचा. शेजारी आईचा, ताईचा, आजोबांचा. झालं!

दुसरा प्रकार मला फार आवडतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये २००४ साली 'बीड्स ऑफ करेज' हा उपक्रम सुरू झाला. त्यात मुलाला प्रत्येक उपचारासाठी ठरलेल्या रंगाचा मणी मिळतो. सुई टोचली, एक मणी. केमो झाली, वेगळा मणी. रात्र हॉस्पिटलात काढली, अजून एक. माळ वाढत जाते.

अमेरिकेतल्याच सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलात तर म्युझिक थेरपिस्टनी मुलांच्या हृदयाचे ठोके रेकॉर्ड करून त्यांवर आवडतं गाणं बसवलंय.

आता खरा प्रश्न. "हे केलं म्हणजे आपण आशा सोडली का?" असं आईबाबांच्या मनात येऊ शकतं. मला तसं वाटत नाही. मण्यांची माळ तर बरी होऊन घरी जाणारी मुलंही करतात. ती शेवटाची तयारी नाही, सोसलेल्याची नोंद आहे. म्हणूनच सुरुवात लवकर करावी, मुलाच्या अंगात खेळायची ताकद असताना.

आणि मर्जी मुलाची. आजारपणात सुई कधी, खायचं काय, सगळं मोठी माणसं ठरवतात. इथे निदान रंग तरी त्यानं निवडावा. "नको" म्हणालं, तर नको.

यात सांभाळणाऱ्यांचंही भलं आहे. दिवसरात्र औषधांच्या वेळा पाळणाऱ्या आईला अर्धा तास नुसतं आई होता येतं.

सामान नसलं तरी फोन आहेच. मूल गोष्ट सांगत असेल तेव्हा आवाज रेकॉर्ड करा. फाइलला नाव आणि तारीख द्या, एक कॉपी दुसरीकडे ठेवा. स्टेटसला टाकायचं असेल तर आधी त्याला विचारा.

तुमच्या ओळखीत असं घर असेल, तर हा भाग त्यांना नुसता फॉरवर्ड करू नका. रंगाची डबी घेऊन जा. भेटू पुढच्या भागात!