घरगुती कारखान्यांतील धूर व पाण्याचें टेबल

लोखंड कापण्याचें काम फार पुरातन असलें, तरी त्याचीं साधनें सतत पालटत आलीं आहेत. छिन्नी-हातोड्यामागून वायूची ज्योत आली, आणि आतां जळगांव व धुळें येथील लहान वर्कशॉपांचें लक्ष प्लाझ्मा कटरकडे वळलें आहे. फाटकाची नक्षी, ट्रॉलीचे जोड, शेतीच्या अवजारांचे भाग हें सारें संगणकाच्या आज्ञेबरहुकूम बिनचूक कापून निघतें. शिवाय हें यंत्र इतकें आटोपशीर झालें आहे कीं, राहत्या घरामागच्या शेडमध्येंही तें मांडतां येतें. परंतु यंत्र घराशेजारीं आलें म्हणजे त्याचा धूरही घराशेजारीं आला. त्या धुराचा बंदोबस्त करण्याचा एक सुलभ उपाय म्हणजे, कारागीर ज्याला ‘वॉटर टेबल’ म्हणतात, तें पाण्याचें टेबल होय.

हा धूर उत्पन्न कसा होतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. वायूच्या प्रवाहांतून विजेचा प्रवाह खेळवून तो तांब्याच्या अरुंद तोंडांतून दाबून बाहेर काढला, म्हणजे त्या वायूचें उष्णतामान सुमारें २०,००० अंशांपर्यंत चढतें. या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. अशा झोताच्या साधनाचें पेटंट अमेरिकेंत रॉबर्ट गेज यांना १९५७ सालीं मिळालें. झोतापुढें पोलाद वितळतें व वायूच्या जोरानें खालीं उडून जातें. त्यांतील जड कण पडून राहतात. कांहीं धातूची मात्र वाफ होते व ती हवेंत थिजून अतिसूक्ष्म धूळ बनते. हाच तो धूर. साध्या पोलादाच्या धुरांत लोह व मँगनीज यांचीं ऑक्साइडें असतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा धूर श्वासावाटे गेला, तर कांहीं तासांनीं थंडी वाजून ताप भरतो. स्टेनलेस स्टीलच्या धुरांत षट्संयुजी क्रोमियम असतें, आणि तें निःसंशय कर्करोगकारक ठरलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें वेल्डिंगच्या धुराचाही समावेश २०१७ सालीं त्याच वर्गांत केला. ज्या घरांत दिवसभर म्हातारीं माणसें व लहान मुलें वावरतात, तेथें ही गोष्ट उपेक्षणीय खास नाहीं.

पाण्याच्या टेबलाची रचना दिसावयास अगदीं साधी असते. एक उथळ टांकी, तींत कडेवर उभ्या केलेल्या लोखंडी पट्ट्या, पट्ट्यांच्या माथ्यावर कापावयाची प्लेट आणि प्लेटच्या किंचित् खालीं पाणी. झोत प्लेट भेदून खालीं उतरतो, तोच ठिणग्या व धूर पाण्यावर आदळून बव्हंशीं तेथेंच अडकतात. प्लेटही फारशी तापत नाहीं, त्यामुळें पातळ पत्रा वांकडा होण्याचें भय कमी होतें.

मात्र बांधतांना पहिला हिशोब वजनाचा करावा. १.२ मीटर लांब व तितक्याच रुंद टांकींत १२.५ सेंटिमीटर पाणी भरलें, तर तें १८० लिटर, म्हणजे १८० किलो झालें. तीन मिलीमीटर जाड पत्र्याची, १५ सेंटिमीटर उंच कांठांची टांकी सुमारें ५० किलो भरते. पट्ट्यांचा व प्लेटचा भार निराळाच. चौकट या भाराला पुरून उरेल अशी हवी. नाहींतर तळ मध्यें झोळ खाईल व यंत्राचें माप चुकेल. कडा शक्य तों पत्रा वांकवूनच घडवाव्या, म्हणजे वेल्डिंगचे सांधे थोडे राहतात. सांध्याच्या एका बाजूस खडूचा लेप देऊन दुसऱ्या बाजूस रॉकेल लावण्याची जुनी परीक्षा येथें उत्तम उपयोगी पडते. फट असेल तेथें पांढऱ्या लेपावर ओला डाग उमटतो. पट्ट्या वेल्ड करून टाकूं नयेत. खांचांत नुसत्या बसवाव्या. झोत त्यांनाही कापीत असल्यामुळें त्या वारंवार बदलाव्या लागतात.

पाण्याची पातळी हें या टेबलाचें मर्म आहे. पाणी प्लेटच्या जितकें जवळ, तितका धूर कमी; पण प्लेटला भिडलें तर तुषार उडतात व गंज लौकर चढतो. प्रारंभीं सुमारें एक इंचाचें अंतर ठेवणें सोयीचें. पांझरा नदीवरील फड पद्धतीचे बंधारे ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना पुढील युक्ति सहज समजेल. बंधाऱ्याच्या माथ्यावरून अधिक पाणी जसें आपोआप ओसंडून जातें, तशीच टांकींत उंचसखल करतां येणारी एक सांडनळी ठेवावी. तिचें तोंड असेल त्याच्या वर पाणी चढत नाहीं. सांडलेलें पाणी खालच्या पिंपांत जमावें व लहान पंपानें परत वर यावें. तळाला नळाच्या तोटीकडे थोडा उतार दिला, म्हणजे गाळ काढणें सुकर होतें.

पाणी व वीज यांची ही शेजारीण फार जपून वागविली पाहिजे. चौकटीला स्वतंत्र अर्थिंग असावें, यंत्राचा परतीचा चिमटा प्लेटलाच नीट धरलेला असावा आणि संगणक व त्याच्या तारा कोरड्या पेटींत दूर असाव्या. पाण्यांत हात घालण्यापूर्वीं वीज बंद करावी. ॲल्युमिनियम तर घरगुती पाण्याच्या टेबलावर कापूंच नये. त्याचे तप्त कण पाण्याशीं संयोग पावून हायड्रोजन वायु सोडतात. तो प्लेटखालीं सांचला आणि ठिणगी पडली कीं स्फोट ठरलेलाच.

खानदेशांत आणखी एक विचार अवश्य आहे. येथील उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर जातो. वरील टांकीची पातळी अर्धा इंच उतरली, तरी सुमारें १८ लिटर पाणी गेलें असें समजावें. काम नसतांना झांकण घालावें. त्यानें बाष्पीभवन मंदावतें, डांसांची पैदास टळते व मुलेंही सुरक्षित राहतात. परंतु पाणी उडून गेलें, तरी धातु मागेंच राहतो हें विसरूं नये. वरून भर घालीत गेल्यानें टांकींतील विषाचा अंश घटत नाहीं. तो दिवसेंदिवस वाढतच जातो. म्हणून तें पाणी गटारांत, विहिरीजवळ किंवा केळीच्या आळ्यांत ओतणें सर्वथा वर्ज्य. निवळलेलें पाणी पुन्हां वापरावें. गाळ बंद डब्यांत सांठवून सरकारमान्य घातक-कचरा व्यवस्थेकडे सोपवावा.

सारांश, पाण्याचें टेबल धूर नाहींसा करीत नाहीं. तें त्याला पाण्यांत अडकवून ठेवतें. ओझोनसारखे वायु तर तेथेंही अडकत नाहींत, म्हणून खेळती हवा व मुखपट्टी यांस सुट्टी नाहीं. टांकी केव्हां भरली, तीवर कोणता धातु कापला व गाळ केव्हां काढला, याची एक वही टेबलाशेजारीं टांगून ठेवावी. एवढी दक्षता घेतली, तर शेडमधील धंदा घरांतल्यांच्या श्वासाच्या मोलानें चालविण्याचें कारण पडणार नाहीं.